जमशेटजींच्या जहाजांत अफू होती

माझी भाची आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘मुंबई घडवणारी माणसे’ या विषयात तिने एकोणिसाव्या शतकातले पारशी व्यापारी आणि दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांना निवडले आणि लिहून झालेले भाषण मला वाचायला पाठवले. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत येताच ती वाक्ये मला ओळखीची वाटू लागली, कारण आदल्याच रविवारी आमच्या थोरल्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या एका लांबलचक संदेशातून ती जशीच्या तशी उतरवलेली होती. तो संदेश त्यानंतर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. इतिहासाविषयीचे असे संदेश रोज येतात आणि बहुतेक वेळा मी ते सोडून देतो. पण तेरा वर्षांची मुलगी तेच सभागृहात उभी राहून पाठ म्हणणार असेल, तर गप्प बसणे मला जमणारे नाही.

संदेशातील दावे असे आहेत. रस्त्यावर रिकाम्या बाटल्या गोळा करणारा एक अनाथ मुलगा कोणाच्याही मदतीवाचून, एकट्याच्या हिमतीवर सात जहाजांचा मालक झाला. त्याने चीनशी फक्त कापसाचा व्यापार केला. अफूचा आरोप ही इंग्रजांनी मागाहून केलेली बदनामी आहे. त्याने बांधलेल्या जहाजावर अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिले गेले. इंग्रजांपुढे त्याने कधीही मान झुकवली नाही. रुग्णालय, माहीमचा रस्ता, चर्नी रोडची कुरणे हे सारे त्याने सरकारचा एक पैसाही न घेता केले, आणि सर्व संपत्ती दान करून तो निष्कांचन अवस्थेत वारला. शेवटी आजच्या तरुणांना उपदेश आहे की नोकरीसाठी रडणाऱ्यांनी हे वाचून लाज बाळगावी.

राष्ट्रगीताचा दावा आधी निकालात काढतो, कारण तो सर्वांत निराधार आहे आणि भाचीने नेमकी भाषणाची सुरुवात त्यानेच केली होती. येथे दोन वेगळ्या जमशेटजींची गल्लत झालेली आहे. मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया हे निराळे गृहस्थ. मलबारच्या सागवानातून ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे युद्धजहाज त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि १८१० साली पाण्यात उतरले. जीजीभॉय जहाजांचे मालक होते, जहाजे बांधणारे नव्हते. आणि त्या ‘मिंडेन’वर अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिले गेले, ही कथादेखील टिकत नाही. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या किल्ल्यावर ब्रिटिशांचा तोफमारा चालू असताना ज्या फ्रान्सिस स्कॉट की याने पुढे राष्ट्रगीत झालेली ती कविता रचली, तो कैद्यांच्या सुटकेची बोलणी करायला गेलेला वकील होता आणि त्या रात्री शत्रूच्या ताफ्यामागे थांबवून ठेवलेल्या एका अमेरिकी नौकेवर होता. म्हणजे जहाज चुकीचे, बांधणारा चुकीचा आणि मालकही चुकीचा. हा सगळा परिच्छेद खोडून टाक, असे मी भाचीला त्याच संध्याकाळी सांगितले.

आता ‘शून्यातून, एकट्याने’ या दाव्याकडे वळतो. यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. वडील कापडाच्या धंद्यातले, घरची स्थिती बेताची. १७९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आईवडील दोघेही गेले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतेच. बाटल्यांचा संबंधही खरा आहे, पण तो रस्त्यावरचा नाही. फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला या नात्यातल्याच व्यापाऱ्यांचा रिकाम्या बाटल्यांचा बसलेला धंदा होता, त्यात हा मुलगा उमेदवारीला लागला, आणि १८०३ मध्ये त्यांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी त्याचा विवाह झाला. डोक्यावर छप्पर, धंद्याची शिकवण आणि व्यापारी वर्तुळात ओळख हे तिन्ही त्याला नात्यातून मिळाले. पुष्कळांना तेवढे मिळूनही काही करता येत नाही, हे खरे. म्हणून त्याला काहीच मिळाले नव्हते असे लिहिता येत नाही.

पुढचा प्रवास तर ‘एकट्याने’ या शब्दाला कुठेच बसत नाही. ऐन तारुण्यात त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांपैकी चौथी त्यांच्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण ठरली. १८०५ च्या जुलैमध्ये त्यांचे ‘ब्रन्सविक’ हे जहाज सिलोनच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच आरमाराने पकडले, आणि प्रवासी म्हणून निघालेले जमशेटजी कैदी होऊन आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला पोहोचले. माल गेला, पैसा गेला. कित्येक महिन्यांनंतर एका डॅनिश जहाजाने ते कलकत्त्याला आले आणि तेथून घरी. (संदेशात हेच जहाज ‘वादळात बुडाले आणि ते पोहत किनाऱ्याला लागले’ असे आहे. ते का बदलावेसे वाटले असेल, मला समजत नाही. खरी घटना त्याहून कितीतरी मोठी आहे.) त्याच ‘ब्रन्सविक’वर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता, विल्यम जार्डिन. पुढे त्याने वैद्यकी सोडली, व्यापारात उतरला, आणि १८३२ मध्ये चीनच्या कँटन बंदरात ‘जार्डिन मॅथिसन’ ही पेढी उभी केली. त्या पेढीचे मुंबईतले सर्वांत मोठे हिंदी सहकारी होते जमशेटजी जीजीभॉय.

मुंबईतही ते एकटे नव्हते. भायखळ्याचे जैन मंदिर ज्यांनी बांधले ते मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद. कोकणी मुसलमान जहाजमालक महंमद अली रोगे. आणि गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी रोजेरियो द फारिया, हे त्यांचे भागीदार आणि सहव्यापारी. एक पारशी, एक जैन, एक कोकणी मुसलमान आणि एक गोमंतकीय ख्रिस्ती मिळून समुद्रापलीकडचा व्यापार चालवतात, ही मुंबईच्या जडणघडणीतली इतकी महत्त्वाची गोष्ट आहे की ती गाळून उरलेल्या चरित्राला मुंबईचे चरित्र म्हणवत नाही. संदेशाने तिघांचीही नावे पुसून एका माणसाला एकाकी नायक केले, आणि त्याच एकाकीपणाचा दाखला देऊन आजच्या मुलांना लाज बाळगायला सांगितले. मला याचा राग येतो. ज्याला भागीदार होते, सासरचा आधार होता, परदेशात माल विकून देणारा मित्र होता, त्याचे नाव घेऊन एकट्याने वाट काढणाऱ्या मुलांना बोल लावणे हा अन्याय आहे.

सात जहाजांचा आकडा मात्र बरोबर आहे. १८१४ च्या सुमारास त्यांनी ‘गुड सक्सेस’ हे पहिले जहाज विकत घेतले आणि त्यात हळूहळू सहा जहाजांची भर घातली. त्या जहाजांतून काय जात होते, हा खरा प्रश्न आहे.

कापूस जात होता. गुजरातचा कापूस चीनला जाई आणि युरोपातल्या युद्धांच्या काळात त्यात चांगला पैसा झाला. पण त्या ताफ्याचा आणि त्या संपत्तीचा मुख्य आधार अफू होती. ही कुजबुज नाही, कोणा शत्रूने उठवलेली आवई नाही. जमशेटजींच्या पेढीच्या पत्रवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे इतिहासकार आसिया सिद्दिकी यांनी १९८२ मध्ये जमशेटजींच्या व्यापारविश्वावर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्याला शंका असेल त्याने तो एक निबंध वाचावा. मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही. पत्रे स्वतः जमशेटजींच्या पेढीची आहेत, ज्यांना लिहिली ते त्यांचे मित्र आहेत, आणि विषय आहे चीनला पाठवलेल्या अफूची आणि कापसाची विक्री, त्याचे भाव आणि पैसे परत येण्याच्या वाटा. आपल्याच वहीत आपलीच बदनामी कोणी लिहून ठेवत नाही.

‘इंग्रजांनी केलेली बदनामी’ हा युक्तिवाद तर सगळेच उलटे करून ठेवतो. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि चिनी लोकांना इंग्रजांचा माल फारसा नको होता, म्हणून चहाच्या बदल्यात चांदी मोजावी लागे. ही चांदी वाचवण्याचा मार्ग म्हणजे हिंदुस्थानची अफू. बंगाल आणि बिहारकडच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. पण चीनमध्ये अफू आणायला बंदी असल्यामुळे कंपनी स्वतःच्या जहाजांतून ती नेत नसे. ते काम परवाना घेतलेल्या खासगी व्यापाऱ्यांवर सोडलेले होते. पश्चिमेकडे, माळव्यात, म्हणजे मुख्यतः शिंदे आणि होळकर यांच्या मुलखात पिकणारी अफू कंपनीच्या मक्त्याबाहेर होती. आधी ती चोरवाटांनी पोर्तुगीजांच्या दमणला जाई. १८३० नंतर कंपनीने कर आकारून ती मुंबईमार्गे जाऊ द्यायला सुरुवात केली. त्या प्रत्येक पेटीमागे कंपनीच्या तिजोरीत पैसा पडत होता. ज्या व्यापारावर कंपनी सरकार पोसले जात होते, त्या व्यापाराचा आरोप करून तेच सरकार आपल्या सर्वांत मानाच्या हिंदी व्यापाऱ्याची बदनामी कशाला करील?

काका म्हणतात की अफू म्हणजे त्या काळचे औषध. त्यांना आणि भाचीलाही ही वस्तू नेमकी कशी होती हे सांगायला हवे. खसखशीच्या हिरव्या बोंडावर संध्याकाळी बारीक चिरा पाडतात. रात्रभरात त्यातून पांढरा चीक पाझरतो, तांबूस होत घट्ट होतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. माळव्यात तो वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवत, मग मळून त्याच्या वड्या पाडत आणि पेट्यांत भरून बैलांच्या पाठीवरून समुद्राकडे पाठवत. एका पेटीत साधारण साठ किलो अफू मावे. ती चीनला पोहोचली की कँटनच्या नदीमुखाबाहेर लिंतिन बेटापाशी नांगरलेल्या जुन्या जहाजांवर उतरे, आणि तेथून चिनी तस्करांच्या वेगवान वल्हेकरी होड्या ती किनाऱ्यावर नेत. औषधाची पेटी अशी अंधारातून न्यावी लागत नाही. अठराव्या शतकापासूनच चीनच्या बादशहांनी अफूविरुद्ध फर्माने काढलेली होती, आणि कँटनशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ती ठाऊक होती.

हा व्यापार पुढे कुठे गेला, ते संदेशात कोठेच नाही. १८३९ मध्ये बादशहाने लिन झेश्यू नावाच्या अधिकाऱ्याला कँटनला पाठवले. त्याने परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी करून त्यांच्याकडची २०,२८३ पेट्या अफू ताब्यात घेतली. जूनमध्ये हुमेन येथे समुद्राजवळ खंदक खणून, त्यात पाणी, मीठ आणि चुना टाकून, पेट्यांतली अफू फोडून कालवून ती ओहोटीबरोबर समुद्रात सोडण्याचे काम तेवीस दिवस चालले होते. हजार टनांहून अधिक अफू होती ती. आणि हे करण्यापूर्वी त्या लिनने समुद्राला उद्देशून एक प्रार्थना लिहिली, ही घाण मी तुझ्यात सोडतो आहे, क्षमा कर, अशा आशयाची. हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. त्या पेट्यांत माळव्याची अफू होती आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचे, त्यांत जमशेटजींचेही, पैसे गुंतलेले होते.

त्यावरून इंग्लंडने चीनवर युद्ध लादले. ते २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगच्या तहाने संपले; चीनला हाँगकाँग द्यावे लागले, बंदरे उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले, ज्यांतले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून होते. हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला ते मुंबईच्या गोदीतच, वाडियांच्या हाताखाली, १८१३ मध्ये बांधलेले होते. मुंबईच्या जहाजाचा जगाच्या इतिहासाशी असलेला संबंध सांगायचाच असेल तर हा सांगावा. तो कागदोपत्री सिद्ध आहे.

येथे कोणी म्हणेल की त्या काळी हा व्यापार येथल्या कायद्याने गुन्हा नव्हता, आणि सगळेच तो करत होते. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि मला ती मान्य करावी लागतात. कलकत्त्याचे द्वारकानाथ टागोर त्यात होते; मारवाडी, गुजराती, पारशी, बगदादी यहुदी, स्कॉटिश, अमेरिकी, असे सर्व होते; माळव्यातले संस्थानिक आणि सावकार होते; आणि सर्वांत मोठा लाभार्थी कंपनी सरकार होते. म्हणून एकट्या जमशेटजींना किंवा त्यांच्या समाजाला गुन्हेगार ठरवणाऱ्यांशीही माझे तितकेच भांडण आहे. परवा या संदेशाखाली कोणीतरी ‘म्हणजे अमली पदार्थांचा दलालच की’ असे लिहिले. एका वाक्यात माणूस उडवून लावण्याची ही घाई मूळ संदेशापेक्षा बरी नाही. पण ‘सगळेच करत होते’ हे म्हणणे ‘त्यांनी केलेच नाही’ या दाव्याचा आधार होऊ शकत नाही. दोन्ही बाजू एकाच तोंडाने मांडता येत नाहीत.

या मुद्द्यावर मी एवढा थांबलो, कारण हे लपवल्याने केवळ एक तपशील हरवत नाही. मुंबईतली रुग्णालये, महाविद्यालये, धर्मशाळा, बंधारे यांच्यासाठी पैसा कुठून आला हे समजण्याची वाटच त्याने बंद होते. बिहारच्या आणि माळव्याच्या शेतकऱ्याचे कष्ट, चीनमधल्या व्यसनाधीन कुटुंबांची वाताहत आणि मुंबईतल्या गरीब रुग्णाला मिळालेली खाट हे एकाच हिशेबवहीत आहेत. आठवीतल्या मुलीला हे समजते. मी भाचीला सांगितले तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले: त्यांना तिकडचे हाल माहीत होते का, आणि मग त्यांनी एवढे दान का केले. पहिल्याला मी उत्तर दिले की बंदी आहे हे त्यांना नक्की माहीत होते. दुसऱ्याला प्रायश्चित्त हे सोपे उत्तर देता आले असते; मी ते दिले नाही, कारण दानधर्म त्यांनी हा व्यापार ऐन भरात असल्यापासूनच सुरू केलेला होता. १८२२ मध्ये मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्ज फेडता न आल्यामुळे अडकलेल्या गरिबांची देणी भागवून त्यांनी त्यांना सोडवले, तेव्हा अफूयुद्धाला अजून सतरा वर्षे होती. पैसा मिळवणे आणि पैसा देणे ही त्यांच्या आयुष्यात बरोबरीने चाललेली कामे होती.

इंग्रजांपुढे मान न झुकवल्याचा दावा फार वेळ घेण्यासारखा नाही. १८४२ मध्ये ‘नाइट’ झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ आणि १८५७ मध्ये, उठावाच्याच वर्षी, ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळालेलेही पहिलेच. हे किताब त्यांनी आनंदाने स्वीकारले. ते बंडखोर नव्हते. होते असे म्हणण्याने त्यांची उंची वाढत नाही. ते खुशमस्करेही नव्हते: १८५२ मध्ये हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी मुंबईत ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली तेव्हा तिचे मानद अध्यक्षपद त्यांनी घेतले, आणि रेल्वे आणण्याच्या खटपटीत नाना शंकरशेट यांच्याबरोबर ते होते. राज्यकर्त्यांशी जुळवून घेत आपल्या शहरासाठी त्यांच्याकडून होईल तेवढे काढून घेणारी त्या पिढीची जी रीत होती, ती त्यांचीही होती.

ती रीत दानातही दिसते, आणि म्हणून ‘सरकारचा एक पैसाही न घेता’ हे वाक्य मला विशेष खटकते. सरकारला पैसा द्यायला लावणे हेच तर जमशेटजींचे कसब होते. १८३८ मध्ये त्यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले ते सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी या अटीवर. १८४३ मध्ये पायाभरणी झाली, १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून भाऊ दाजी लाड बाहेर पडले. नुसते पैसे देऊन मोकळे होणारा दाता आणि आपल्या पैशाने सरकारला जबाबदारीला बांधणारा दाता यांत फरक आहे. संदेश लिहिणाऱ्याने त्यांना पहिल्या प्रकारात बसवून लहान केले आहे.

माहीमच्या रस्त्याबाबत मात्र संदेशाच्या बाजूने थोडे बोलावे लागेल. खाडीवर बांध घालून माहीम आणि वांद्रे जोडण्याच्या खर्चाला कंपनी सरकार खरोखरच तयार नव्हते, पावसाळ्यात होडीने खाडी ओलांडणे जिवावरचे होते, आणि पैसा खरोखरच या घराण्यातून आला. पण तो दिला आवाबाईंनी. आधी एक लाख आणि खर्च वाढल्यावर आणखी सत्तावन्न हजार, असे १,५७,००० रुपये त्यांनी दिले. त्यांची अट एकच होती की या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून पथकर घेऊ नये. बांधकाम सरकारी अभियंत्यांनी केले आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. दादरहून माहीमकडे जाताना ज्या ‘लेडी जमशेटजी रोड’वरून आपण जातो तो त्यांचाच. संदेशात आवाबाईंचे नाव एकदाही नाही. दहाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, पुढे मुंबई बेटाला साष्टीशी जोडणाऱ्या बाईचे काम नवऱ्याच्या खात्यावर लिहिले गेले आहे. भाचीला, वर्गातल्या मुलींसमोर बोलणार आहे म्हणून, ही चूक सर्वांत जास्त लागली.

बाकीचे झटपट सांगतो. चर्नी रोडची कथा, म्हणजे १८३८ मध्ये चराईवर शुल्क बसल्यावर जमशेटजींनी वीस हजार रुपयांत ठाकुरद्वारजवळची कुरणे घेऊन ती गुरांसाठी खुली ठेवली, ही बरीच जुनी आणि बहुतेक खरी आहे. मात्र ‘चर्नी’ हे नाव त्यावरूनच आले याबद्दल एकमत नाही, कारण ठाण्याच्या चेंदणीहून गिरगावात येऊन वसलेल्या लोकांवरूनही त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. पुण्याचा बंडगार्डनचा बंधारा संदेशात नाही, तो असायला हवा होता. कलाशाळेसाठी त्यांनी लाख रुपये दिले आणि ती १८५७ मध्ये सुरू झाली, हे बरोबर आहे. निष्कांचन अवस्थेत मृत्यू हे धादांत खोटे. त्यांनी आयुष्यभरात दिलेल्या देणग्यांचा अंदाज सुमारे २ लाख ३० हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तेवीस लाख रुपयांच्या घरात जातो, आणि एवढे देऊनही १८५९ मध्ये ते वारले तेव्हा मुंबईतल्या अत्यंत श्रीमंत घराण्याचे प्रमुख होते.

संदेशाबरोबर एक छायाचित्रही फिरते आहे. त्यातील गृहस्थांचा पोशाख आणि छायाचित्राची धाटणी पाहता ते १८५९ पूर्वीचे वाटत नाही. या गोंधळाला मात्र कारण आहे: १८६० च्या कायद्याने या घराण्याच्या प्रत्येक वारसदाराला किताबाबरोबर ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घेणे बंधनकारक झाले, त्यामुळे नंतरच्या सर्व बॅरोनेटांचे नाव तेच आहे. जुन्या कागदावर हे नाव दिसले की आधी साल पाहावे लागते.

काकांना मी हे सारे फोनवर सांगितले. ते काही वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ‘अरे, पण अफूचे लहान मुलांना कशाला सांगायचे?’ भाचीने तोपर्यंत भाषण नव्याने लिहायला घेतले होते. पाच मिनिटांत सगळे बसत नव्हते म्हणून तिने चर्नी रोड आणि किताब गाळले. ‘ब्रन्सविक’ ठेवले, तुरुंगातली माणसे ठेवली, हुमेनचे तेवीस दिवस ठेवले. सुरुवात तिने आवाबाईंच्या अटीपासून केली आहे.